संपणारं इंटरनेट: जुन्या लॅपटॉपवर घरचा सर्व्हर उभारतानाच्या नोंदी

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

काम असं आहे: कपाटात पडून असलेल्या लॅपटॉपचा घरासाठी छोटा सर्व्हर करायचा. त्यावर दोन गोष्टी चालवायच्या. एक, घरातल्या सगळ्या उपकरणांसाठी जाहिरातींचे आणि पाळत ठेवणारे पत्ते अडवणारा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारा सर्व्हर. दुसरी, आरएसएस वाचक. ज्यांचं लिखाण मला वाचायचं आहे त्यांनी नवं काही लिहिलं की ते एका यादीत येईल, आणि यादी संपली की माझं वाचनही संपेल. खरी ओढ या दुसऱ्या गोष्टीची आहे. इंटरनेट मला मनापासून आवडतं, पण फोनवरचं रोजचं इंटरनेट कुठे थांबतच नाही. ते थांबेल अशी सोय घरी करता येते का, हे बघायचंय.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा आहे, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे यंत्र धडधाकट असूनही कपाटात गेलं. ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची एसएसडी, घरच्या सर्व्हरला एवढं पुरून उरतं. छोटा सिंगल-बोर्ड संगणक घ्यावा असंही आधी मनात होतं. पण लॅपटॉपला स्क्रीन आणि कीबोर्ड आधीपासून जोडलेले असतात, आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्यांची फार गरज पडते.

आजचा सगळा वेळ बॅटरीत गेला. टचपॅड एका बाजूने वर आलेला दिसला म्हणून मागचं झाकण उघडलं. बॅटरी फुगली होती. अशी बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका. लॅपटॉप बंद करून ती अलगद काढली आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायला बाजूला ठेवली. तूर्त यंत्र थेट अडॅप्टरवर चालवणार आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

उबुंटू सर्व्हर २४.०४ ही लिनक्सची सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. एलटीएस आवृत्ती, २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील, म्हणून हीच. इन्स्टॉलेशन सरळ झालं, पण नंतर दोन ठिकाणी अडलो.

पहिलं: ५०० जीबीच्या डिस्कवर सिस्टिमला फक्त १०० जीबी जागा दिसत होती. डिस्क खराब आहे असं समजून तिची लांबलचक तपासणी सुरू केली आणि दुपार गेली. डिस्क ठणठणीत आहे. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटण्याची पद्धत) वापरताना मोठ्या डिस्कवर मुद्दाम १०० जीबीच वापरतो आणि उरलेली जागा नंतरसाठी राखून ठेवतो. 'एलव्हीएक्सटेंड' आणि मग 'रीसाइझटूएफएस', या दोन आज्ञा दिल्यावर सगळी जागा मिळाली. इन्स्टॉल करतानाच डिस्कच्या पानावर हा आकडा वाढवता येतो. तिथे घाईने पुढे जाऊ नका.

दुसरं: झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो. सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) 'लॉगिनडी' सेटिंगमध्ये झाकणाच्या स्विचचं मूल्य 'इग्नोर' केलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. आता मिटलेला लॅपटॉप राउटरशेजारी उभा ठेवलाय. वाय-फाय वापरलं नाही, केबल लावली. डीएनएससारखी गोष्ट हवेवर सोडायची नाही. मिटलेल्या अवस्थेत मीटरवर १० वॅटच्या आसपास दाखवतोय, म्हणजे महिन्याला साधारण ७ किलोवॅट-तास.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज पाय-होल. हा डीएनएस सर्व्हर आपल्या यादीतल्या पत्त्यांबद्दल विचारलं की खरं उत्तर देत नाही, बाकीचे प्रश्न पुढे पाठवतो. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) ठेवणाऱ्या साधनात, चालवायचं ठरवलं. त्यामुळे उद्या काढून टाकायचं झालं तर मूळ सिस्टिमला धक्का लागत नाही.

सुरू होईना. पोर्ट ५३ (यंत्राचं ठरावीक कामासाठीचं क्रमांकाचं दार) आधीच कुणीतरी धरलंय, असा संदेश. डीएनएस पोर्ट ५३ वर चालतो आणि उबुंटूचा स्वतःचा डीएनएस प्रोग्राम 'सिस्टमडी-रिझॉल्व्हड' तिथेच बसलेला असतो. त्याचा 'स्टब लिसनर', म्हणजे त्या पोर्टवर प्रश्न ऐकणारा भाग, बंद केला. पोर्ट मोकळं झालं, पण लगेच सर्व्हरलाच कुठला पत्ता सापडेना. डॉकर पाय-होल पुन्हा उतरवू शकेना, कारण उतरवायला डीएनएस हवा आणि डीएनएस चालायला पाय-होल हवं. अडचण 'रिझॉल्व्ह-कॉन्फ' या, डीएनएस कुणाला विचारायचा ते सांगणाऱ्या, फाइलमध्ये होती. ती नुसता दुवा असते, आणि तो दुवा अजून बंद केलेल्या स्टबकडेच बोट दाखवत होता. 'रन' फोल्डरातल्या सिस्टमडीच्या खऱ्या फाइलकडे दुवा वळवला, मग सगळं उतरलं.

हे करणाऱ्यांनी क्रम असा ठेवा: आधी पाय-होल डाउनलोड करून घ्या, मग दुवा बदला, मग स्टब बंद करा. माझी संध्याकाळ उलट्या क्रमात गेली.

डीएनएसबद्दल एक गोष्ट मला फार भावते. पॉल मोकापेट्रिस यांनी त्याची रचना १९८३ मध्ये मांडली आणि १९८७ मध्ये ती आज वापरात असलेल्या रूपात प्रसिद्ध झाली. आज माझ्या फोनवर कुठलंही ॲप उघडलं की पहिलं पाऊल तिथेच पडतं. आणि या पावलाला कोणाची परवानगी लागत नाही. प्रश्नाला उत्तर देणारं यंत्र आपलं असलं तरी चालतं. माझा सगळा प्रकल्प याच मोकळेपणावर उभा आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

घरातल्या उपकरणांना "आता प्रश्न याला विचारा" असं सांगायचं काम राउटरचं. राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारी सोय) पानावर डीएनएसचे दोन रकाने होते. पहिल्यात सर्व्हरचा पत्ता टाकला. दुसरा रिकामा ठेवला तर राउटर तिथे स्वतःचाच पत्ता भरत होता. म्हटलं, असू दे, पहिला बंद पडला तरच दुसरा वापरला जाईल.

तसं होत नाही. उपकरणं दोन्ही पत्ते आपापल्या मर्जीने वापरतात. त्यामुळे निम्म्या जाहिराती अडत होत्या आणि निम्म्या येत होत्या, तेही प्रत्येक वेळी वेगवेगळ्या. अर्धवट चालणारी गोष्ट पूर्ण बंद पडलेल्या गोष्टीपेक्षा जास्त वेळ खाते. दुसरा रकाना कसाही रिकामा राहीना तेव्हा राउटरचं डीएचसीपीच बंद केलं आणि ते काम पाय-होलकडे दिलं. त्यासाठी कंटेनरला होस्टचंच, म्हणजे लॅपटॉपचंच, नेटवर्क आणि 'नेट-ॲडमिन' ही परवानगी द्यावी लागते.

मध्ये थोडा वेळ दोन्ही डीएचसीपी एकदम चालू राहिले आणि दोन उपकरणांना एकच पत्ता मिळाला. आधी राउटरचं बंद, मग पाय-होलचं चालू, आणि मग सगळ्या उपकरणांचं वाय-फाय एकदा बंद-चालू. इतकं पाळा.

आता सर्व्हर बसला तर घरातलं सगळं इंटरनेट बसणार. म्हणून राउटरवर एक कागद चिकटवलाय: राउटरचं डीएचसीपी परत कसं चालू करायचं, कुठल्या पानावर, कुठलं बटण. मी घरी नसताना कोणालाही करता आलं पाहिजे. बाबांकडून एकदा करून घेतलं. कागदावर एक पायरी राहिली होती, ती त्यांनीच दाखवली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

लॅपटॉपवर जाहिराती गेल्या, पण फोनवर तशाच. फोनचे प्रश्न पाय-होलच्या नोंदीत जवळजवळ दिसतच नव्हते.

कारण आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत. जुनी ती आयपीव्ही४. मी आयपीव्ही४ वरचा रस्ता वळवला होता, पण राउटर आयपीव्ही६ वर स्वतःच्या घोषणांमधून वेगळा डीएनएस पत्ता वाटत होता. फोन तो आनंदाने घेत होता. पाय-होलमध्ये आयपीव्ही६ चं डीएचसीपी चालू करून पाहिलं, तरी अँड्रॉइड फोनवर फरक पडेना. अँड्रॉइड आयपीव्ही६ चा डीएनएस डीएचसीपीकडून घेत नाही, राउटरच्या घोषणेतूनच घेतो. हे कळेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी राउटरच्या आयपीव्ही६ पानावर, 'लॅन'खाली दडलेल्या रकान्यात, सर्व्हरचा लिंक-लोकल (फक्त घरच्या नेटवर्कात चालणारा) पत्ता भरला. फोन लगेच रांगेत आला.

बहिणीच्या फोनवर तरीही नाही. तिच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ला बाहेरच्या एका सेवेचं नाव भरलेलं होतं. ही सोय अँड्रॉइड ९ पासून आहे आणि तिच्यामुळे फोन घरच्या डीएनएसला वळसा घालून जातो. ते 'स्वयंचलित'वर आणलं, तेही तिला विचारून. घराबाहेर असताना ती सेवा तिला उपयोगी पडते, त्यामुळे परत लावायची असेल तर कशी, ते दाखवून ठेवलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

अडवायच्या पत्त्यांची यादी मोठी असली की जाहिराती जास्त अडतील, म्हणून मी उत्साहाने बऱ्याच याद्या जोडल्या होत्या. या आठवड्यात त्याची फळं दिसली.

आई म्हणाली, "अरे, हे मेलमधलं दाबलं की काही उघडतच नाही. मागच्या आठवड्यापर्यंत तर उघडत होतं." तिला पार्सल कुठवर आलं ते पाहायचं होतं. मेलमधला दुवा थेट त्या साइटवर जात नाही. आधी क्लिक मोजणाऱ्या एका तिसऱ्याच पत्त्यावरून जातो, आणि तो पत्ता माझ्या यादीत होता. बाबांचं एक ॲप तर पाळत ठेवणाऱ्या पत्त्याकडून उत्तर मिळाल्याशिवाय पुढेच सरकत नव्हतं. तंत्राच्या दृष्टीने माझं सगळं बरोबर चाललं होतं, आणि घरातल्या दोन माणसांची कामं अडली होती.

सगळ्या जादा याद्या काढल्या. पाय-होलसोबत येणारी मूळ यादी तेवढी ठेवली. आईबाबांची कामं ज्या पत्त्यांवर अडत होती ते मोकळे केले. आईच्या फोनवर पाय-होलचं पान बुकमार्क करून दिलं. त्यातल्या एका बटणाने अडवणूक पाच मिनिटांसाठी थांबते. तिने ते आज दोनदा वापरलं आणि दोन्ही वेळा मला हाक मारली नाही.

हे उभारणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं: अडवलेल्या पत्त्यांच्या टक्केवारीकडे बघू नका. एखादं उपकरण नकार मिळाला की तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं आणि आकडा नुसता फुगतो. घरातलं कोण कशाला अडलं, तेवढंच मोजा. आणखी एक, यूट्यूबच्या जाहिराती याने जात नाहीत. त्या व्हिडिओ जिथून येतो त्याच पत्त्यांवरून येतात, आणि डीएनएसला पत्ता कळतो, आत काय आहे ते कळत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

बहिणीने जेवताना विचारलं, "दादा, मग मी काय काय बघते ते तुला आता सगळं दिसतं?"

खरं उत्तर असं की पानं दिसत नाहीत, पण साइटची नावं दिसतात. कोणत्या उपकरणाने, कोणत्या वेळी, हे सेकंदासकट दिसतं. कोण रात्री किती वाजेपर्यंत जागं आहे, कोण नोकरी शोधतंय, कोण कुठल्या आजाराबद्दल वाचतंय, सगळं त्या एका पानावर कळतं. मी गेला आठवडाभर ते पान उघडं ठेवून बसलो होतो. बिघाड शोधायला ते लागलंच, पण बाकीच्यांना याची कल्पना नव्हती.

बाहेरच्या कंपन्यांनी पाळत ठेवू नये म्हणून हे यंत्र बसवलं. तेच घरात पाळत ठेवायला लागलं तर ते बसवण्यात अर्थ नाही. पाय-होलमध्ये गोपनीयतेच्या चार पातळ्या आहेत. शेवटच्या पातळीवर पत्तेही लपतात आणि उपकरणंही, फक्त एकूण आकडे उरतात. ती लावली, जुनी नोंद पुसली आणि घरात सगळ्यांना दाखवली. काही बिघडलं तर ज्याचं बिघडलंय त्याला सांगून दहा मिनिटं नोंद चालू करायची, काम झालं की बंद. यामुळे दुरुस्तीला जास्त वेळ लागतो. लागू दे.

घरात असा सर्व्हर चालवणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं, कोणी विचारायची वाट न बघता.

शनिवार, २९ नोव्हेंबर

टीव्ही. तो आपल्या नव्या डीएनएसला विचारतच नव्हता, कारण ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस त्याच्या आतच पक्का बसवलेला. राउटरच्या फायरवॉलमध्ये नियम केला: पोर्ट ५३ वर बाहेर जाण्याची मुभा फक्त सर्व्हरला. थोडा वेळ टीव्ही गप्प राहिला, मग निमूटपणे घरचा डीएनएस वापरू लागला. नोंद दहा मिनिटं चालू करून पाहिलं, तर स्क्रीन बंद असतानाही तो सतत बाहेर कुठे कुठे विचारणा करतो.

तुमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये, 'बघण्याची माहिती' किंवा तशाच नावाखाली, पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कळवणारी सोय असू शकते. ती बंद करा. पाय-होल बसवा अगर न बसवा, एवढं तरी करा.

शनिवार, ६ डिसेंबर

अखेर आरएसएस. फ्रेशआरएसएस हे आरएसएस वाचक सॉफ्टवेअर डॉकरमध्ये टाकलं, कुठेही अडलं नाही.

आरएसएसचं पहिलं रूप नेटस्केप या ब्राउझर कंपनीने १९९९ मध्ये आणलं. साइट आपल्या नव्या लेखांची यादी एका ठरलेल्या साच्यात ठेवते, वाचणाऱ्याचं सॉफ्टवेअर ती अधूनमधून बघून येतं. लेख काळाच्या क्रमाने येतात, तुमच्यासाठी काय चांगलं हे कोणी ठरवत नाही. गूगलचा आरएसएस वाचक, गूगल रीडर, १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा आरएसएस संपलं असं पुष्कळांनी मानलं. पण पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात, यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेलची फीड, म्हणजे अशी यादी, आहे, आणि वर्डप्रेसवरच्या बहुतेक साइटच्या पत्त्यापुढे 'फीड' जोडलं की यादी मिळते. चिन्ह दिसत नसलं तरी पानाचा सोर्स उघडून 'आरएसएस' किंवा 'ॲटम' (तशाच यादीचा दुसरा साचा) शोधा. अनेक साइटना स्वतःलाही ठाऊक नसतं की त्यांची फीड चालू आहे.

फीड शोधण्यात दिवस गेला आणि तो फार सुखाचा गेला. ज्यांना मी वर्षानुवर्षं वाचलेलं नव्हतं अशी माणसं अजून लिहिताहेत. कोणी पक्ष्यांवर, कोणी जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीवर. फोनवरच्या कुठल्याही ॲपने त्यांचं लिखाण मला कधी दाखवलं नसतं.

रविवार, १४ डिसेंबर

आठवड्यातच यादी तुंबली. न वाचलेल्यांचा आकडा चार अंकी झाला आणि तो बघूनच वाचायची इच्छा जाऊ लागली. ज्यापासून सुटायचं होतं तेच मी नव्या जागी बांधलं होतं.

तपासलं तर हा सगळा पूर मोजक्या बातम्यांच्या साइटवरून येत होता. त्या काढल्या. आता माझा नियम असा आहे: जो दिवसाला अनेक वेळा लिहितो तो यादीत नको. त्याच्याकडे मी हवं तेव्हा स्वतः जाईन. जो महिन्याने, सहा महिन्यांनी एकदा लिहितो तो यादीत हवाच, कारण त्याच्या दारात रोज जाऊन बघणं शक्य नाही. आरएसएस कमी लिहिणाऱ्यांसाठी आहे. सुरुवात करणाऱ्यांना मी सांगेन, थोड्या फीड घ्या आणि त्यात एकही बातम्यांची नको.

एक तांत्रिक दुरुस्तीही झाली. मी सगळ्या फीड दर दहा मिनिटांनी तपासायला लावल्या होत्या. दोन साइटनी '४२९' हे उत्तर देऊन दार लावलं. त्याचा अर्थ, तुम्ही फार वेळा येताय. आता तासातून एकदा. स्वतःच्या खिशातून साइट चालवणाऱ्याच्या सर्व्हरवर आपण उगाच भार टाकू नये.

काल रात्री यादी वाचून संपली. खाली काही नव्हतं. तरीही अंगठा वर सरकवत राहिला. न संपणारं पान २००६ मध्ये एझा रॅस्किन यांनी तयार केलं आणि पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याआधी पानाच्या शेवटी 'पुढचं पान' असा दुवा असायचा आणि तिथे आपण क्षणभर थांबून ठरवायचो, पुढे जायचं की उठायचं. तो थांबा काढून घेतल्यावर किती संध्याकाळी गेल्या, हे काल अंगठ्याकडे बघताना जाणवलं. सर्व्हरने यादी संपवली, सवय मात्र माझी मलाच संपवायची आहे. फोनमधली तीन ॲप काढली. त्यांच्या साइट ब्राउझरमध्ये उघडतात, तेवढ्या पुरेत.

शनिवार, २० डिसेंबर

आवडलेले लेख सर्व्हरवर जपून ठेवायचे होते. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये दाखवलं की २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी मिळत नव्हती. माझे जुने बुकमार्क उघडून बघितले तेव्हा हे पटलं.

'सिंगलफाइल' या ब्राउझर एक्स्टेन्शनने पूर्ण पान चित्रांसकट एका फाइलमध्ये साठवता येतं. इंग्रजी लेख नीट साठले. मराठी लेख माझ्या विंडोज संगणकावर साठले, पण सर्व्हरवर पाठवताना त्यातले बरेच गळाले. संदेश: 'फाइलचं नाव फार मोठं.' नाव तर जेमतेम एका ओळीचं!

लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हं बसतात, आणि 'स्वातंत्र्य' हा एकच शब्द त्यातली ११ खातो. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादा २५५ च आहे, पण ती वेगळ्या एककात मोजली जाते आणि तिथे देवनागरीचं चिन्ह एकच धरलं जातं. म्हणून तिथे कधी अडलं नव्हतं.

उपाय: फाइलच्या नावात आधी तारीख, मग शीर्षकाची पहिली ६० चिन्हं, एवढंच. पूर्ण शीर्षक पानाच्या आत असतंच. मराठीत संग्रह करणाऱ्यांनी हे सुरुवातीलाच करून ठेवावं. काही फाइली पोचल्याच नाहीत हे मला दोन फोल्डरांतला आकडा जुळेना तेव्हा कळलं.

रविवार, २८ डिसेंबर

पहाटे वीज गेली. आली तेव्हा राउटर उठला, सर्व्हर उठला नाही. मी बाहेर होतो. बाबांनी कागद वाचून राउटरचं डीएचसीपी चालू केलं आणि सगळ्यांचं इंटरनेट सुरू झालं. कागद उपयोगी पडला.

बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) 'वीज येताच सुरू हो' हा पर्याय मी चालू केला होता. पण ही सेटिंग जपणारा मदरबोर्डवरचा छोटा सीआर२०३२ सेल संपला होता. मोठी बॅटरीही काढलेली, त्यामुळे वीज गेल्याबरोबर बायोस सगळी सेटिंग विसरलं. मी परत येऊन बटण दाबलं तर घड्याळ चुकल्याचा संदेश देऊन कळ दाबायची वाट बघत थांबलं. नवा सेल घातला, सेटिंग परत केली, मुद्दाम वायर काढून-लावून पाहिलं. आता आपोआप उठतो. जुना लॅपटॉप वापरणार असाल तर हा सेल आधीच बदलून टाका, आणि तुमच्या बायोसमध्ये तसा पर्याय आहे का ते सर्वांत आधी बघा. अनेक लॅपटॉपमध्ये तो नसतोच.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

घराबाहेरून यादी वाचता यावी म्हणून राउटरवर पोर्ट उघडलं. पोचता येईना. राउटरचा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होणारा दिसला. १००.६४ ते १००.१२७ हा टप्पा सेवा पुरवणारे अनेक ग्राहकांमध्ये एकच पत्ता वाटून देण्यासाठी वापरतात. त्यामागे असलं की बाहेरून आत थेट यायला वाट नाही. आयपीव्ही४ चे एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी, त्यांचा जागतिक साठा २०११ मध्ये संपला. वायरगार्डवर (सुरक्षित खासगी जोडणीच्या, म्हणजे व्हीपीएनच्या, तंत्रावर) आधारलेल्या सेवांनी यातून मार्ग निघतो, आणि मी तो काढायलाही बसलो होतो.

मग थांबलो. फ्रेशआरएसएस गूगल रीडरची जुनी एपीआय, म्हणजे ॲपनी सर्व्हरशी बोलायची ठरलेली भाषा, ओळखतं. ती सेवा २०१३ मध्ये गेली, पण तिची भाषा बोलणारी ॲप अजून आहेत. त्यातलं एक फोनवर टाकलं. घरच्या वाय-फायवर असताना ते लेख उतरवून ठेवतं, प्रवासात ते नेटशिवाय वाचायचे, घरी आलं की वाचलेल्यांची खूण सर्व्हरवर जाते. सकाळी घेतलेली यादी संध्याकाळपर्यंत तेवढीच राहते आणि मला नेमकं तेच हवं होतं. उघडलेलं पोर्ट बंद करून टाकलं.

शनिवार, १० जानेवारी

बॅकअप रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर जात होता. आज तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला, तर फ्रेशआरएसएसचा डेटाबेस अर्धवट: अलीकडच्या दिवसांच्या खुणाच नाहीत. एसक्यूलाइटची (हा डेटाबेस ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याची) फाइल चालू असताना नुसती कॉपी केली की असं होऊ शकतं, कारण ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. आता रात्री आधी एसक्यूलाइटच्याच बॅकअप आज्ञेने प्रत काढली जाते, मग ती डिस्कवर जाते. पुन्हा उघडून तपासलं, सगळं जुळलं. कोऱ्या यंत्रावर पाय-होल आणि फ्रेशआरएसएस दोन्ही परत उभे करायला तासाभराहून कमी वेळ लागला. त्यासाठीच्या आज्ञा क्रमाने लिहून त्याची छापील प्रत राउटरवरच्या कागदामागे लावली आहे.

उरलेली कामं: लॅपटॉपला नवी बॅटरी आणि ८० टक्क्यांवर थांबणारं चार्जिंग, म्हणजे छोट्या खंडात सर्व्हर बंदच पडणार नाही. आणि बहिणीला तिची स्वतःची वेगळी यादी हवी आहे, त्यासाठी फ्रेशआरएसएसमध्ये तिचं खातं उघडायचं. पासवर्ड तिचा तीच घालणार.